पण कान लांब शेतस

आमचा समाधान काय काम करतो हे गल्लीत कोणालाच नीट सांगता येत नाही. मलाही उशिरानेच कळलं. तो खेळ खेळतो. म्हणजे कॉम्प्युटरवरचे, नाहीतर टीव्हीला डबा जोडून, हातात रिमोटसारखं काहीतरी धरून खेळतात ते. खेळून झालं की खेळ कसा आहे ते लिहितो, आणि ते वाचून लोक ठरवतात, घ्यायचा की नाही. याला क्रिटिक म्हणतात. पस्तिशीतला मिशीवाला माणूस दिवसभर खेळतो आणि त्याचा पगार घेतो, हे सांगायला आम्हाला लाज वाटायची. म्हणून त्याची आई, माझी सून पुष्पा, कोणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "आमचा समाधान क्रिटिक आहे."

हे तिने एकदा एरंडोलच्या बसस्टँडवर गल्लीतल्या मंदाबाईला सांगितलं. तेवढ्यात पारोळ्याची गाडी सुरू झाली आणि मंदाबाईच्या कानात गेलं, समाधान क्रिटिकल आहे.

संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर. कोणाच्या हातात शहाळं, कोणाच्या हातात बिस्किटाचा पुडा. बायका पदर तोंडाला लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी यावलच्या माझ्या भाचीने एसटीच्या कंडक्टरजवळ केळीचा अख्खा घड पाठवून दिला. केळीच्या जळगाव जिल्ह्यात आजाऱ्याला केळी पाठवणारी तीच एक. पण हे नंतर. आधी काय झालं, की ओट्यावर सगळ्या रडवेल्या बसलेल्या, आणि सुट्टीला घरी आलेला समाधान अर्ध्या चड्डीत डोकं खाजवत बाहेर आला. म्हणाला, "कोण गेलं?"

मंदाबाई चिडली. "अरे मेल्या, तू तर धडधाकट शे! मग मनं शहाळं?"

"आणलंच आहे तर असू द्या, मावशी," म्हणत त्याने तिच्या हातातून ते घेतलं, तिथेच उभं राहून प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "शहाळं चांगलं होतं. पण पाणी थोडं कमी."

हे जे 'पण' आहे ना, तो समाधान. बाकी त्याचं नाव, डिग्री, मिशी हे सगळं वरवरचं.

हे 'पण' कुठून आलं ते सांगते. आमच्या भिंतीला भिंत लावून जरीनाचं घर. ती ब्लाउज शिवते, आणि तिच्याकडे कायम एक शेळी असते. तेव्हा जी होती तिचं नाव बिजली. समाधान पहिलीत असेल. शाळेतून आला की दप्तर फेकायचा आणि बिजलीच्या गळ्यात पडायचा. एक दिवस सगळ्या बायका अंगणात बसलेल्या असताना हा मोठ्याने म्हणाला, "चाची, तुनी बकरी एक नंबर शे! बठ्ठा गावमा अशी बकरी नही!"

त्याच संध्याकाळी बिजलीने भिंतीवरून पत्र्यावर उडी मारली आणि पुढचा पाय मोडून घेतला.

पोरगा जेवेना. माझ्यामुळे झालं म्हणून उशीत तोंड खुपसून रडायला लागला. मी त्याला मांडीवर घेतलं आणि समजावलं, की बाळा, एखादं चांगलं असलं तरी असं भरभरून बोलायचं नसतं, नजर लागते. बाळाच्या गालाला आपण काजळाची तीट का लावतो? एवढं गोजिरं पोर कोणाच्या डोळ्यात भरू नये म्हणून जरासं बिघडवून ठेवतो. तसं बोलण्यालाही तीट लावावी.

त्याने नाक पुसलं, थोडा विचार केला आणि तडक जरीनाच्या अंगणात गेला. बिजली पायाला फळी बांधून बसली होती. तिच्यासमोर उभा राहून, शाळेत कविता म्हणतात तसा हात मागे बांधून म्हणाला, "बकरी चांगली शे. पण कान लांब शेतस."

आता गंमत अशी की याचे स्वतःचे कान असे, की टोपीत मावत नसत. दारातून आधी कान यायचे, मग समाधान. जरीना हसून हसून लोळली.

बिजलीचा पाय पुढे सांधला. थोडी लंगडायची, पण चरायला जायची. जनावराच्या डॉक्टरने फळी बांधली म्हणून ती बरी झाली हे समाधानला काही पटलं नाही. त्याच्या मते ती बरी झाली कानांमुळे.

मोठा झाला, धुळ्याला कॉलेजात गेला. तिथे त्याच्या वर्गात हेमांगी नावाची पोरगी होती, चुणचुणीत, बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार होतो. तिने 'खेळखबर' नावाची साईट काढली. खेळांच्या बातम्यांची. धुळ्यात पाच कंदिलाजवळ रतिलालशेठच्या फरसाणाच्या दुकानावर एक खोली घेतली. तिने समाधानला लिहायला घेतलं, समाधानने जरीनाच्या जहांगीरला ओढून नेलं. जहांगीर चित्रं करायचा आणि कॉम्प्युटर बिघडले की त्यांना थोपटायचा. सुट्टीला दोघं घरी आले की त्यांच्या बॅगांना शेवेचा वास. जरीनाची शेळी त्या बॅगा चाटायची.

या साईटीवरून त्याच्या सासऱ्यांचा घोटाळा झाला तो वेगळाच. त्याच्या रूपाचं स्थळ आलं तेव्हा तिच्या वडिलांना, जामनेरच्या छगनआबांना, कोणीतरी सांगितलं, मुलगा धुळ्याला साईटवर असतो. आबा खुश. साखरपुडा झाला आणि त्यांनी हळूच निरोप धाडला, गोठा बांधायचा आहे, दोन ट्रॉली वाळू जावईबापूंनी साईटवरून पाठवावी. समाधानने फोन करून त्यांना खूप समजावलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटले, "साईट शे आणि वाळू नही, ही कोनती साईट?" लग्न झालं, पोरगी नांदते, पण वाळूचं काही त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

तर समाधान खेळाला दहापैकी गुण द्यायचा. आणि दहा त्याने कधी कोणाला दिले नाहीत. कितीही भारी खेळ असो, साडेनऊ. शेवटी एक छोटा परिच्छेद असायचा आणि त्याचं नाव 'कान लांब'. त्यात त्या खेळाची एक खोड लिहायचा. लोकांना ते इतकं आवडलं, की पुण्या-नाशिकची पोरं एकमेकांना विचारायला लागली, नवा खेळ आलाय, त्याचे कान किती लांब? खेळ बनवणारे त्याला घाबरायचे आणि त्याच्याच तोंडाकडे बघायचे. तो म्हणाला चांगला, की चांगला. त्याचा शब्द कोणी तपासून बघत नसे.

एका मोठ्या प्राध्यापकाने तर त्याच्यावर लेख लिहिला. समाधानने मला वाचून दाखवला. त्यात होतं, की समाधानरावांचा तो अर्धा गुण म्हणजे अपूर्णतेचं तत्त्वज्ञान आहे.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"शेळी," तो म्हणाला.

मग दिवस फिरले. लोक वाचेनात. खेळ कसा आहे ते कोणीतरी ओरडत व्हिडिओत सांगतं, ते बघतात. जाहिराती गेल्या. धुळ्याच्या खोलीतली माणसं एकेक करून पुण्याला गेली आणि शेवटी उरले तिघं, हेमांगी, समाधान आणि जहांगीर. रतिलालशेठ भाड्यासाठी वर यायचे ते यायचे बंद झाले. पोरांना वाटलं दया आली. गुडघे दुखत होते.

आणि नेमकी तेव्हा मुंबईची एक कंपनी आली. त्यांचा नवा खेळ बाजारात यायचा होता. वर्षभर आमची जाहिरात तुमच्या साईटीवर लावू, म्हणाले, साईट तरेल तुमची. पण समाधानरावांनी दहा द्यायचे, आणि ते कानाचं काही लिहायचं नाही.

समाधान तो खेळ घेऊन घरी आला. चार दिवस सुट्टी काढून. जेवताना भाकरी हातात धरून बसायचा. मी म्हटलं, दाखव तरी काय आहे ते. त्याने टीव्हीला डबा जोडला. जरीना माप घ्यायचा टेप गळ्यात तसाच घेऊन आली आणि दारात टेकली.

खेळात एक बाई असते. तिचं अर्धं गाव पुरात नदीपलीकडे राहिलेलं. ती डोक्यावर एकेक दगड आणते आणि पूल बांधते. पाऊस येतो, पूल वाहून जातो, ती पुन्हा बांधते. बस, एवढंच. पण काय सांगू, ती घसरली की माझा पाय उचलला जायचा. जरीना ओरडायची, "अगं डावा दगड हलतोय, उजव्यावर ठेव!" आत पुष्पाचं दूध उतू गेलं, कोणी उठलं नाही. शेवटी पूल मध्यापर्यंत येतो, आणि धुक्यातून समोरून दुसरी एक बाई डोक्यावर दगड घेऊन येताना दिसते. तीही पलीकडून बांधतच होती! जरीनाने टेपानेच डोळे पुसले.

समाधानने डबा बंद केला. "आजी, हा दहाचा आहे."

"मग दे की दहा. कंपनी खुश, हेमांगी खुश."

"देववत नाही."

"एवढा शिकलास आणि नजर मानतोस?"

"मानत नाही गं. पण दहा लिहायला बोट उचललं की बिजली दिसते. लंगडत येते." मग डब्याची वायर गुंडाळत म्हणाला, "आणि समज दिले. उद्या लोकांना कळणारच की हे दहा जाहिरातीसाठी होते. मग मागचे साडेनऊ तरी कोण खरे मानेल? माझ्याजवळ तेवढंच आहे. लोक माझं ऐकतात, एवढंच."

जरीना दारात बसून ऐकत होती. साईट बंद पडली तर तिच्या जहांगीरची नोकरी जाणार, आणि त्याचं लग्न ठरत आलेलं. तिने उठून टेप गुंडाळला आणि गेली. मला तिचं तसं जाणं टोचलं.

दुसऱ्या दिवशी हेमांगी धुळ्याहून एसटीने आली. माझ्या पाया पडली आणि उठायच्या आतच बोलायला लागली. "आजी, तुम्ही सांगा त्याला. तो फक्त तुमचं ऐकतो. नुसतं म्हणा, दे बाबा दहा."

आम्ही अंगणात बसलो होतो. जरीना लसूण सोलत होती, तिची आताची शेळी चांदनी, बिजलीची कितवी तरी पणती, खुंट्याला बांधलेली. मी म्हटलं, "त्यात काय? समाधान, दे रे बाबा दहा."

तो म्हणाला, "तू देतेस का कधी कोणाला?"

"मी कशाला देणार नाही?"

"मग चांदनीला दे."

"ऱ्हाऊ दे," जरीना मान वर न करता म्हणाली. "अक्का नाही देणार."

"का गं? मी काय तुझी वैरीण आहे?"

जरीनाने हातातला लसूण खाली ठेवला. "अक्का, मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाट बघते. एकदा तरी तुम्ही माझं काही नुसतं चांगलं म्हणालात? शिरखुर्मा छान झाला, पण खारीक जाड चिरली. ब्लाउज छान बसला, पण काख ओढते. जहांगीर हुशार, पण नाक कायम वाहतं. अहो, त्याला मिशा आल्या, तरी तुम्ही त्याचं नाकच बघता!"

हेमांगी फिसकन हसली. मला राग आला. म्हटलं, यात काय अवघड आहे. चांदनीकडे बघितलं. "जरीनाची शेळी चांगली शे," मी म्हटलं आणि तोंड मिटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेळीसुद्धा. तिच्या तोंडात पाला होता, तो चावायची थांबली. माझ्या जिभेवर काहीतरी वळवळायला लागलं.

"...फक्त खुरं जरा..."

"गेले!" समाधान म्हणाला. "पुन्हा."

"जरीनाची शेळी फार चांगली शे, देवाच्या दयेने."

"देवाला मध्ये घ्यायचं नाही. शेळीचं बोल."

मी पदर खोचला. एका दमात म्हटलं, "जरीनाची शेळी एक नंबर शे!" आणि लगेच बिजलीचा पाय आठवला. मुक्या जनावराचं काही होऊ नये म्हणून तोंड वळवून हळूच थुंकले. थू, थू, थू.

"थुंकलात!" हेमांगी किंचाळली. "आजी, तुम्ही थुंकलात!"

जरीना इतकी हसली की लसणाचं सुपडं कलंडलं आणि चांदनीने अर्धा लसूण खाल्ला. बरंच झालं, दोन दिवस दूध कोणाला प्यायवेना.

हसणं ओसरलं तशी हेमांगीने ओंजळीने तोंडावर पाणी मारलं. "म्हणजे हे 'पण' या घरातून जाणार नाही," ती म्हणाली.

"मी जातो," समाधान म्हणाला. "साईट सोडतो मी. मी असेपर्यंत कंपनी माझेच दहा मागणार; मी नसलो तर साईटीचे दहा चालतील त्यांना. तू जहांगीरच्या नावाने छाप. त्याला खेळ खरंच आवडलाय, तो दहा देईल. ते त्याचे दहा असतील."

"अर्ध्या गुणासाठी सोडणार?"

"अर्ध्यासाठीच. साडेनऊवर कुठे भांडण आहे?"

जरीना उठून उभी राहिली. "माझ्या पोरासाठी सोडू नको रे बाबा. ते ओझं मला नको."

"तुमच्या पोरासाठी नाही, चाची," तो म्हणाला. "तुमच्या शेळीसाठी."

हेमांगी एसटीची वेळ होईपर्यंत त्याच्याशी भांडली. गाडीत बसल्यावर खिडकीतूनही भांडली. गाडी सुटल्यावर मग रडली असेल. डोळे खिडकीतूनच तसे दिसत होते.

त्याने शेवटचा लेख लिहिला तो कुठल्या खेळावर नाही, 'खेळखबर'वरच. एवढी वर्षं तिथे काय चांगलं होतं ते सगळं लिहिलं आणि साडेनऊ दिले. कान लांब: ऑफिसात बसलं की सारखी भूक लागते.

निरोपाचं जेवण आमच्याच मागच्या अंगणात केलं. थंडीचे दिवस, वांगी ताजी. कपाशीच्या काड्या पेटवून मी आणि जरीनाने वांगी भाजली, पुष्पा आणि रूपाने कळण्याच्या भाकरी थापल्या. रतिलालशेठनी गुडघ्यांमुळे स्वतः न येता शेव पाठवली. जामनेरहून छगनआबा आले. ताटावर बसता बसता जावयाला बाजूला घेऊन म्हणाले, "साईट सोडली म्हने. मग तिथली उरलेली वाळू?"

समाधानने नुसता त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

जेवायच्या आधी हेमांगी उभी राहिली. ती पोरगी कधी थोडक्यात बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "यानं आयुष्यभर सगळ्यांना गुण दिले," ती म्हणाली. "आज मी याला देते. समाधान. दहापैकी दहा. आणि कान नाहीत. कुठेही नाहीत."

 समाधानची मान खाली. पुष्पाने पदर डोळ्याला लावला.  भरल्या अंगणात, इतक्या लोकांसमोर, माझ्या नातवाला दहापैकी दहा! मी वांग्यांची सालं काढत होते, दोन्ही हात कोळशासारखे काळे. तशीच उठले, त्याच्याजवळ गेले आणि ते काळं बोट त्याच्या कानामागून पार गालापर्यंत ओढलं.

"कान नाहीत कसे? हे काय!" मी म्हटलं. "केवढे लांब शेतस बघा तरी!"

अंगणभर हशा. जहांगीरने तेवढ्यात फोटो काढला, एका हाताने नाक पुसत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, जरीना वाचेल म्हणून.

तोच फोटो त्यांनी शेवटच्या लेखावर लावला. त्या प्राध्यापकाने लगेच दुसरा लेख लिहिला, की गालावरची ती काळी रेघ म्हणजे बाजाराच्या युगातली निषेधाची खूण आहे.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"वांगं," समाधान म्हणाला.

मग त्या पुलाच्या खेळावर जहांगीरचा लेख आला. मोठ्या अक्षरात दहा. कंपनीची जाहिरात लागली, साईटीला श्वास मिळाला. पण जहांगीर शेवटी याच अंगणातला. त्याने दहातल्या शून्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढा काळा ठिपका ठेवून दिला होता. मुंबईहून फोन आला, आकड्यावर डाग दिसतोय. जहांगीर म्हणाला, "साहेब, स्क्रीन पुसून बघा." म्हणे त्यांच्या ऑफिसात दोन मजले माणसं स्क्रीन पुसत होती. जुन्या वाचकांनी मात्र लगेच ओळखलं, आणि समाधानला फोन करकरून सांगितलं, की तीट लागली आहे, काळजी नसावी.

समाधान आता घरूनच पुण्याच्या काही मंडळींसाठी काम करतो. ते खेळ तयार करतात. म्हणजे आजवर हा दुसऱ्यांचे कान मोजायचा, आता लोक याचे मोजणार. त्यावर गुण देणार 'खेळखबर'चा जहांगीर. समाधान त्याला आडून आडून विचारतो, साधारण किती देशील रे? जहांगीर म्हणतो, खेळ तर येऊ दे.

घाबरून याने आधीच बंदोबस्त करून ठेवला आहे. खेळात एक शेळी घातली आहे आणि तिचे कान मुद्दाम जमिनीला टेकतील एवढे केले आहेत, की ज्याला खोड काढायची त्याने तीच काढावी. परवा जरीनाला बोलावून दाखवलं. तिने टेप गळ्यात तसाच ठेवून सगळा खेळ शेवटपर्यंत बघितला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. समाधानही बघत होता.

"सुरेख केलंस रे," ती म्हणाली. "पण माझ्या बिजलीचे कान एवढे लांब कुठे होते?"